सगळ्यात कमी दराची तीनचाकी

आमच्या शाखेत एखादा पुरवठादार आला, की टेंभुर्णे भाऊ आधी खाली टपरीवर जायचे, स्वतःच्या पैशाचा चहा पिऊन यायचे आणि मगच त्याच्यासमोर बसायचे. त्यानं चहा मागवलाच तर सांगायचे, आत्ताच झाला. खरेदी शाखेतल्या माणसानं दुसऱ्याच्या चहाचा घोट घेतला की त्याची मान अर्धा इंच खाली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं.

भैय्यालाल टेंभुर्णे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळ गाव भंडाऱ्याकडचं. वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळे भाऊंचं लहानपण रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडिलांची एक सवय त्यांना फार खुपायची. कुठलाही साहेब, अगदी तिकीटबाबू जरी समोर आला, तरी वडील हात जोडायचे आणि काही चूक नसताना माफी मागायचे. भाऊ एकदा मला म्हणाले होते, "तेव्हाच ठरवलं होतं मंजिरी, आपल्याले नोकरी लागली ना, तर आपल्या टेबलासमोर कोणी हात जोडीन नाही." आणि खरोखरच खेड्यातून आलेल्या कुणी हात जोडले तर ते उठून उभे राहायचे आणि त्याला आधी खुर्चीवर बसवायचे.

मी त्यांच्या शाखेत टंकलेखक म्हणून लागले तेव्हा नवं राज्य होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. माझं घर तात्यापाऱ्यात, तिथून मी पायीच ऑफिसात यायची. रायपूरची राजधानी झाली होती पण राजधानीचं सामान काहीच नव्हतं. भोपाळहून ट्रक भरभरून फाइली आल्या होत्या आणि त्या ठेवायला कपाटं नव्हती. आमच्या संचालनालयाला एका जुन्या सरकारी इमारतीचा दुसरा मजला मिळाला होता. अपंग, निराधार, म्हातारी माणसं यांच्यासाठी लागणारं सामान विकत घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायचं, हे आमचं काम. खुर्च्या येईपर्यंत मी एका फाइलींच्या पेटीवर बसून टाइप करत असे.

विकत घेण्याच्या कामात भाऊंचा हात धरणारं कोणी नव्हतं. निविदा काढण्याआधी ते गोलबाजारात, एम. जी. रोडवर स्वतः फिरायचे, साध्या गिऱ्हाइकासारखे भाव विचारायचे आणि खिशातल्या डायरीत लिहायचे. लोखंडी कपाटं घेतली तेव्हाची गोष्ट. ठरला होता जाड पत्रा आणि ठेकेदारानं पाठवला पातळ. दिसायला दोन्ही सारखेच. भाऊंनी खिशातून पत्रा मोजायचं छोटं माप काढलं, दाराच्या कडेला लावलं आणि साठच्या साठ कपाटं त्याच ट्रकनं उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात परत पाठवली. कुणावर आवाज चढवला नाही, फक्त चलनावर लाल शाईनं 'अमान्य' लिहिलं. तेव्हापासून आमच्या संचालक साहेबांचा त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा बसला.

पुढच्या वर्षी तीनचाकी सायकलींची योजना आली. पायानं अधू असलेल्यांसाठी हातानं चालवायची सायकल असते ती. जिल्ह्यांतून चारशे बारा अर्ज आले. सायकल कशी असावी हे ठरवायला एका संस्थेतला जुना कारागीर बोलावला होता. तो स्वतः कुबडीवर चालायचा. त्यानं दोन अटी आग्रहानं घालायला लावल्या. एक, तिन्ही चाकं बाजारात मिळणाऱ्या साध्या सायकलीच्याच मापाची हवीत. दुसरी, पुरवठादारानं दोन वर्षं दर तीन महिन्यांनी प्रत्येक तालुक्यात आपला मिस्त्री पाठवायचा.

या अटींवर निविदा काढली तर दोनच लिफाफे आले. नियमाप्रमाणे कमीत कमी तीन हवे होते. शिवाय दर असे, की हातात असलेल्या रकमेत अडीचशेच गाड्या बसत होत्या. म्हणजे दीडशेवर माणसांना पुढच्या वर्षी या म्हणून सांगावं लागणार. साहेबांनी भाऊंना बोलावून काहीतरी वाट काढा म्हटलं.

भाऊंनी तीन दिवस विचार केला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूला बसून पाहिलंय. कोणीही रिकाम्या हातानं परत जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी मसुदा माझ्याकडे दिला. चाकाच्या ओळीत आता 'योग्य मापाची' एवढंच होतं. मिस्त्रीची ओळ अख्खी खोडलेली होती, त्या जागी टायर-ट्यूब सोडून एक वर्षाची साधी हमी आली होती. त्या कारागिराला पुन्हा विचारायचं का, असं मी म्हटलं. भाऊ म्हणाले की तो चांगला माणूस आहे, पण त्याला सरकारी बजेटची अडचण समजत नाही.

दुसऱ्यांदा सात लिफाफे आले. सगळ्यात कमी दर बाहेरच्या राज्यातल्या एका कारखान्याचा निघाला, इतका कमी की चारशे बाराच्या चारशे बारा गाड्या बसून वर रक्कम उरत होती. नमुन्याची गाडी आली. निळा रंग, चकचकीत हँडल. आमच्या मजल्याचा व्हरांडा गुळगुळीत फरशीचा, तिथंच समितीनं ती पाहिली. कोणीतरी चालवून बघायला हवी होती, म्हणून भाऊ स्वतः बसले आणि त्यांनी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. सगळे हसले, साहेबही हसले. मग भाऊ उतरले, आपल्या दोन्ही पायांवर उभे राहिले आणि नमुना मान्य असल्याच्या चिठ्ठीवर त्यांनी सही केली. मीसुद्धा हसणाऱ्यांत होते.

त्या वर्षी राज्याच्या वर्धापनदिनाला ऑफिसात छोटा समारंभ झाला. शासनाच्या रकमेची बचत केल्याबद्दल भाऊंना प्रशस्तिपत्र मिळालं. सरितावहिनींनी ते फ्रेम करून समोरच्या खोलीत लावलं आणि आम्हा शाखेतल्या बायकांना घरी बोलावून जेवू घातलं. भाऊंचे म्हातारे वडील तेव्हा होते. ते त्या फ्रेमपुढे उभे राहून अक्षरं लावत होते आणि भाऊ शेजारी उभे होते. इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आठ-नऊ महिन्यांनी एका स्थानिक पेपरात फोटो आला. एका गावात तीन निळ्या गाड्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, चाकांत हवा नाही. खाली दोन ओळी होत्या, की सरकारनं वाटलेल्या गाड्या धूळ खात पडल्या आहेत. साहेबांनी भाऊंना अभनपूरच्या बाजूच्या गावांत जाऊन पाहणी करायला सांगितलं. जाताना त्यांना खोलीत बोलावून आणखीही काही सांगितलं. ते मला पुढे कळलं. साहेब म्हणाले होते, कारणाचा रकाना विचार करून भरा, कारखान्याचं पेमेंट झालंय, अनामत परत गेलीय, आता गाडी वाईट निघाली तर नमुना कुणी पास केला हे विचारलं जाईल.

त्या गावांत काय झालं हे भाऊंनी मला फार नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. अकरा गाड्या त्यांनी पाहिल्या. अकराही बंद. कारण सगळीकडे एकच. चाकं साध्या सायकलीपेक्षा लहान, भलत्याच मापाची होती. मुरमाच्या रस्त्यावर चार-पाच महिन्यांत टायर फाटले आणि त्या मापाचा टायर गावात नाही, अभनपुरात नाही, रायपुरातही नाही. मिळाला तर फक्त त्या कारखान्यात. लोकांनी चाकांना चिंध्या बांधून, दोर गुंडाळून गाड्या चालवल्या, तेव्हा रिम वाकल्या.

शेवटचं घर बिसाहूचं होतं. पोलिओनं दोन्ही पाय गेलेला, तिशीतला माणूस. गाडी मिळाल्यावर तो मीठ, काडेपेट्या, टिकल्या, रिबिनी असं सामान मांडून आठवडी बाजाराला जायला लागला होता. पाच महिने गेला. मग गाडी बसली आणि तोही बसला. भाऊंना वाटलं होतं गाडी कुठंतरी कोपऱ्यात फेकलेली असेल. ती ओसरीत प्लास्टिक घालून झाकलेली होती. बिसाहूनं हातानं सरकत येऊन प्लास्टिक काढलं. निळा रंग नवा होता तसाच. तो रोज ती पुसत होता.

त्याच्या म्हाताऱ्या आईनं लोट्यातून पाणी दिलं आणि बोलता बोलता त्याच्या नावाची गोष्ट सांगितली. याच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून हा झाला तेव्हा सुईणीच्या ओटीत टाकला आणि मूठभर कोदो धान्य देऊन तिच्याकडून परत विकत घेतला. विकत घेतलेला म्हणून बिसाहू. भाऊ पाणी पीत ऐकत होते, गुडघ्यावर रजिस्टर उघडं होतं.

तेवढ्यात बिसाहूनं हात जोडले. "गलती होगे साहेब, माफी दे देव," तो म्हणाला. "सरकारी गाड़ी ला मैं बने नइ राख सकेंव." सरकारनं एवढी चांगली गाडी दिली आणि मला ती नीट ठेवता आली नाही, असं तो म्हणत होता, आणि खरंच तसं समजत होता.

भाऊ मला म्हणाले, "तेव्हा मी उठून उभं राहाले पाहिजे होतं. त्याचे हात खाली कराले पाहिजे होते. अन् मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, ठीक है, आगे से ध्यान रखना."

परत आल्यावर त्यांनी अहवाल हातानं लिहून माझ्या टेबलावर ठेवला. अकरा नावं, त्यांची गावं आणि कारणाच्या रकान्यात अकराही वेळा एकच वाक्य: हितग्राही द्वारा उचित रखरखाव न किए जाने के कारण. म्हणजे ज्याला गाडी मिळाली त्यानंच ती नीट सांभाळली नाही. मी वाचलं आणि भाऊंकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. अकराच्या अकरा जण सारखेच निष्काळजी कसे, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, आला नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला बरंचसं कळलं होतं. "जसं आहे तसंच टाइप करजो," एवढं ते म्हणाले. मी केलं. पहिल्या ओळीनंतर खाली दहा वेळा 'तदैव', म्हणजे वरीलप्रमाणे, असं टाइप केलं, तेवढेच कष्ट वाचले.

अहवाल गेला तसा तो पुढे पुढे गेला. फाइल एकदा चालायला लागली की कुणाच्या हातात राहत नाही. महिन्याभरात त्या अकरा जणांना जिल्ह्यातून नोटिसा गेल्या: शासकीय मालमत्तेची काळजी का घेतली नाही याचा खुलासा करा, नाहीतर तुमचं नाव यादीतून कमी करण्यात येईल. ही नोटीस निघेल हे भाऊंना माहीत नव्हतं. पण त्यांनी लिहिलेल्या वाक्यातून दुसरं काही निघण्यासारखंही नव्हतं.

त्यानंतर एका सोमवारी, ऑफिस भरून जेमतेम तास झाला असेल, व्हरांड्यात कसला तरी घासल्याचा आवाज आला. आम्ही दाराकडे पाहिलं. दोन्ही हातांत रबरी चपला घातलेला एक माणूस जमिनीवरून सरकत येत होता. दोन मजले तो तसाच चढून आला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, खिशात नोटीस घडी करून ठेवलेली होती. भाऊंना पाहून त्याचा चेहरा उजळला, कारण एवढ्या मोठ्या ऑफिसात त्याच्या ओळखीचं तेवढं एकच तोंड होतं.

गाडी त्यानं परत आणली होती. गावातल्या धानाच्या ट्रकवर टाकून आणली होती आणि खाली गेटजवळ ठेवली होती. "गाड़ी ला वापस लाने हंव साहेब," तो म्हणाला. "मोर नाव झन काटहू." त्याची निराधाराची पेन्शनसुद्धा त्याच यादीतून निघते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गाडी घ्या, पण नाव कापू नका. आणि त्यानं चपला घातलेले हात तसेच जोडले.

शाखेत आम्ही सात माणसं होतो. सगळे भाऊंकडे पाहत होते. भाऊ खुर्चीत बसलेले होते. ते उठले नाहीत. त्यांनी बिसाहूला ओळख दाखवली नाही. समोरच्या फाइलीकडे बघत, अनोळखी माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, "नीचे आवक शाखा में दो."

बिसाहू मान हलवून वळला आणि जसा आला तसा सरकत निघाला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज एकेका पायरीनं खाली जात राहिला. आम्हा सगळ्यांना तो ऐकू येत होता.

तो आवाज थांबला. भाऊ उठले आणि खाली गेले. थोड्या वेळानं मीही गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही, वर बसवेना एवढं खरं. आवक शाखेच्या बाहेर, जिथं लोक चपला काढून ठेवतात, तिथं बिसाहू भिंतीला टेकून बसला होता आणि भाऊ त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. ते त्याला त्याच्याच भाषेत सांगत होते, "गाड़ी तोर हाथ ले नइ बिगड़े हे. हमन खराब गाड़ी बिसाय रहेन." तुझ्या हातून काही बिघडलेलं नाही, आम्हीच वाईट गाडी विकत घेतली होती.

मला वाटलं, आता त्या माणसाचा जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. बिसाहू उलट घाबरला. साहेबलोक जमिनीवर बसून असं बोलतात म्हणजे यात काहीतरी डाव असणार, आपल्याकडून काहीतरी कबूल करून घ्यायचं असणार, असं त्याला वाटलं असावं. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "नहीं साहेब, मोरे गलती आय." माझीच चूक आहे साहेब. भाऊ समजावत होते आणि तो जोरजोरानं मान हलवत होता. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. शेवटी भाऊंनी बोलणं थांबवलं.

त्या दिवशी गाडी आवक शाखेत जमा झाली नाही. भाऊंनी ती हातगाडीवर टाकून उरल्याला नेली. तिथं रोलिंग मिलच्या मागे वेल्डिंगची दुकानं आहेत. एकानं पुढचा-मागचा दांडा कापून रुंद केला आणि साध्या सायकलीची तीन चाकं बसवून दिली. वेल्डरला त्यासाठी अर्धा दिवस लागला. अठरा महिन्यांपूर्वी एका ओळीनं जे झालं असतं ते असं झालं. तोवर बिसाहू भाऊंच्या घरी होता. सरितावहिनींनी त्याला जेवायला वाढलं, पण तो ताटाशी अंग चोरून बसला होता आणि त्यानं दुसऱ्यांदा भात मागितला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ त्याला आणि गाडीला घेऊन त्याच्या गावी गेले.

परत आल्यावर त्यांनी नोटशीट, म्हणजे फाइलीवरची टिपणी, लिहिली. दीड पान होतं. माझ्याकडे टाइप करायला दिली नाही, स्वतःच्या अक्षरात लिहिली. अमुक तारखेचा पाहणी अहवाल मी खोटा लिहिला. गाड्यांची चाकं चुकीच्या मापाची आहेत. मापाची अट माझ्या सुचवण्यावरून काढली गेली. नमुना मी मान्य केला. अकरा जणांच्या नोटिसा मागे घ्याव्यात आणि चारशे बाराही गाड्यांची चाकं बदलून द्यावीत. खाली सही, तारीख.

साहेबांनी त्यांना दाराआड बराच वेळ समजावलं. ही नोटशीट फाडून टाका, नव्या निविदेत चाकाची अट गुपचूप घालू, प्रश्न मिटेल. पण ते तितकं सोपं नव्हतं, आणि भाऊंना ते माहीत होतं. दर वाढला की लेखापरीक्षक विचारणार, गेल्या वर्षी हीच वस्तू एवढ्यात मिळाली तर यंदा महाग का घेता. त्याला एकच उत्तर होतं, की गेल्या वर्षीची वस्तू फुकट गेली. आणि आमच्याच फाइलीत तर लिहिलेलं होतं की गाड्या उत्तम होत्या, माणसं निष्काळजी होती. तो कागद खोटा ठरल्याशिवाय चांगली गाडी घेता येणार नव्हती. भाऊंनी नोटशीट मागे घेतली नाही.

एवढं सगळं करूनही त्यांना बरं वाटत नव्हतं. मी एकदा त्यांना म्हटलं की भाऊ, तुम्ही हिंमत केली, दुसऱ्या कुणी केली नसती. त्यांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "हिंमत कायची? नोकरी जाईन म्हणून भ्यालो होतो असं सांगितलं तर लोक समजून घेतीन. पण तसंही नव्हतं. मले ते भिंतीवरचं सर्टिफिकेट खोटं ठरलेलं पाहवत नव्हतं. त्याच्यासाठी अकरा जणांले चोर केलं मी."

चौकशी झाली. चौकशी अधिकारी मध्यम वयाचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. शाखेतल्या सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मलाही बोलावलं. भाऊ समोरच बसले होते. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, अहवाल टाइप करताना तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं का, टेंभुर्णेंशी त्याबद्दल काही बोलणं झालं का. मी तेव्हा अस्थायी होते, कायम होण्याच्या यादीत माझं नाव होतं. मी म्हटलं, "नाही सर, मी फक्त टाइप करते." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली, बरोबर बोललीस अशी. त्या मान हलवण्याचा मला फार राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळलं नाही.

भाऊंची एक वेतनवाढ रोखली गेली. बढती होणार होती ती दुसऱ्याला मिळाली. त्यांना खरेदीतून काढून अभिलेखागारात, म्हणजे जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलं. फ्रेम त्यांनी स्वतःच भिंतीवरून उतरवली. वडील तोवर वारले होते. त्यांना हे बघावं लागलं नाही, असं सरितावहिनी म्हणायच्या.

नोटिसा मागे घेतल्या गेल्या. चाकं बदलायला मंजुरी मिळायला चौदा महिने लागले. तोवर लोकांनी काय काय केलं होतं. कुणी गाडी भंगारात घातली होती, कुणी गाव सोडून कमवायला बाहेर गेलं होतं, काही जण या जगातच उरले नव्हते. चारशे बारांपैकी दोनशे त्र्याहत्तर गाड्यांना नवी चाकं लागली. बाकीच्यांपुढे 'पता नहीं चला' असा शेरा पडून फाइल बंद झाली. नवीन निविदेत चाकाची अट आली, मिस्त्रीचीही आली. तो कुबडीवाला कारागीर मात्र पुन्हा बोलावल्यावर आला नाही. तब्येत बरी नाही असं त्यानं कळवलं.

भाऊ निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात नव्या साहेबांनी त्यांच्या इमानदारीवर भाषण केलं, की या माणसानं कधी एक पैसा खाल्ला नाही. भाऊ पूर्ण वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. बोलायची वेळ आली तेव्हा उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

नंतरची दोन-तीन वर्षं ते ठाव न लागलेल्या त्या एकशे एकोणचाळीस जणांची यादी घेऊन बसनं गावोगाव फिरले. घरी सांगायचे, नातेवाइकांकडे चाललो. चाळीसेक माणसं सापडली. प्रत्येकाला ते सांगायचे की गाडी वाईट होती, चूक ऑफिसची होती, तुमची नव्हती. लोक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, मग आता नवी मिळेल का. भाऊ यादीत त्या नावापुढे खूण करून पुढच्या गावाची बस धरायचे. त्यांच्या पोरानं, यशदीपनं, एकदा मला थांबवून म्हटलं होतं, "दीदी, आप ही समझाइए. पापा को वहाँ जाकर मिलता क्या है?" मी समजावलं नाही. मग भाऊंचे गुडघे गेले आणि फिरणं आपोआप बंद झालं.

बिसाहूची गाडी अजून चालते असं भाऊ सांगत होते. गुडघे चालत होते तोवर ते मधूनमधून त्या गावी जायचे. बाजारात त्याचं दुकान बरं चालतं. पण भाऊ दिसले की तो तेव्हाही घाईनं हात जोडायचा. त्याच्याशी दोन गोष्टी बोलाव्या म्हणून भाऊ शेजारी बसले, तर तो आधी गाडी दाखवायला लागायचा, की बघा साहेब, स्वच्छ ठेवली आहे.

मी कायम झाले. आता मी त्याच खरेदी शाखेत आहे. निविदा आता संगणकावर निघतात, लिफाफे नाहीत, सगळ्यात कमी दर आपोआप वर येतो आणि त्याच्यापुढे हिरवी खूण लागते. मागच्या महिन्यात मी भाऊंना भेटायला समता कॉलनीमागच्या त्यांच्या घरी गेले होते. कितीतरी वर्षं ठरवून होते, की एकदा त्यांना सांगायचं. अहवाल टाइप करताना मला कळलं होतं. चौकशीत मी खोटं बोलले. त्या फाइलीत तुमच्या शेजारी माझंही नाव हवं होतं. वहिनींनी पोहे केले, भाऊंनी माझ्या मुलांची चौकशी केली, गुडघ्याच्या डॉक्टरविषयी सांगितलं. तासभर बसले मी. पोहे खाल्ले, वहिनींना नमस्कार केला आणि न सांगताच परत आले.